विश्लेषण : मेंदूविकारतज्ज्ञांची संघटना नेमके काय करते? तेल्हाऱ्यातील रुग्णाला तिचा उपयोग काय?

तेल्हारा तालुक्यात कुणाला फिट आली किंवा सकाळी उठल्यावर एका बाजूचा हातपाय उचलेनासा झाला, तर घरच्यांपुढचा पहिला प्रश्न असतो : न्यायचे कुठे? गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पण मेंदू आणि मज्जासंस्थेचा तज्ज्ञ गाठण्यासाठी बहुतेकांना अकोल्याचा रस्ता धरावा लागतो. तेथे भागले नाही, तर पुढे नागपूर. दुसरीकडे या तज्ज्ञांच्या देशपातळीवर मोठ्या संघटना आहेत. त्यांच्या परिषदा होतात, नियतकालिके निघतात, मार्गदर्शक सूचना जाहीर होतात. हे सारे महानगरांतील पंचतारांकित सभागृहांपुरतेच राहते, की तेल्हाऱ्यातल्या घरापर्यंतही पोहोचते?

न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे नेमके कोण?

एमबीबीएस, त्यानंतर तीन वर्षांचे एमडी आणि त्यापुढे आणखी तीन वर्षांचे डीएम, असा हा लांबचा अभ्यासक्रम आहे. मिरगी, लकवा (अर्धांगवायू), अर्धशिशी, कंपवात, स्मृतिभ्रंश, नसांचे आणि स्नायूंचे आजार न्यूरॉलॉजिस्ट पाहतात. मेंदू किंवा मणक्याची शस्त्रक्रिया करणारा तो न्यूरोसर्जन. मनाच्या आजारांवर उपचार करणारा तो मानसोपचारतज्ज्ञ. ग्रामीण भागात या तिघांची सर्रास गल्लत होते. मिरगीच्या रुग्णाला ‘डोक्याच्या डॉक्टर’कडे न्यायचे म्हटले की घरचे कचरतात, याचे हेही एक कारण आहे. मिरगी हा मानसिक आजार नाही. मेंदूतील विद्युत संदेशांत अचानक बिघाड झाल्याने झटके येतात.

या तज्ज्ञांच्या संघटना कधी सुरू झाल्या?

न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही देशातील पहिली संघटना १९५१ मध्ये मद्रासमध्ये स्थापन झाली. डॉ. जेकब चँडी, डॉ. बी. रामामूर्ती, डॉ. एस. टी. नरसिंहन आणि डॉ. बलदेव सिंग हे तिचे संस्थापक. सर्जन आणि फिजिशियन दोघेही तिच्यात एकत्र होते. पुढे केवळ न्यूरॉलॉजिस्टांची स्वतंत्र संघटना असावी, या विचारातून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी उभी राहिली.

महाराष्ट्राचा यातील वाटा मोठा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील न्यूरॉलॉजीचे जुने आधारस्तंभ डॉ. एडी भरुचा यांचा १९७०च्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार होता. या संघटनेत डॉक्टरांबरोबर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईकही येऊ शकतात. जागतिक पातळीवर वर्ल्ड फेडरेशन ऑफ न्यूरॉलॉजी ही शिखर संस्था २२ जुलै १९५७ रोजी स्थापन झाली. म्हणूनच २२ जुलै हा दिवस ‘जागतिक मेंदू दिन’ म्हणून पाळला जातो.

संघटना प्रत्यक्षात करते काय?

मुख्य कामे तीन. पहिले, डॉक्टरांना अद्ययावत ठेवणे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडील नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. परिषदा आणि कार्यशाळांतून हे गुण मिळतात.

दुसरे, संशोधन प्रसिद्ध करणे. परदेशातील रुग्णांवर बेतलेली माहिती आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. उदाहरणार्थ, भारतात मिरगीमागे मेंदूतील जंताची गाठ हे एक मोठे कारण आहे. हा आजार फक्त मांसाहार करणाऱ्यांना होतो, हा गैरसमज आहे. पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाज्या, अस्वच्छ हात आणि दूषित पाण्यातून पोटात जातात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसालाही तो होऊ शकतो.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे : व्याख्या आणि उपचारांचे निकष ठरवणे. मिरगीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेल्या निकषानुसार मोठा झटका पाच मिनिटांहून जास्त चालला, तर ती तातडीची स्थिती मानून लगेच औषध द्यायचे असते. एखाद्या समितीच्या कागदावरचा हा आकडा तेल्हाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या कामाचा असतो. तसेच व्हॅल्प्रोएट हे मिरगीवरचे प्रचलित औषध. गर्भारपणात त्यामुळे बाळात व्यंग निर्माण होण्याचा धोका असल्याने मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ते शक्यतो टाळावे, अशा सूचना आहेत. ही माहिती गावातल्या डॉक्टरपर्यंत पोहोचली की नाही, यावर एका बाळाचे आयुष्य ठरू शकते.

सदस्यांच्या यादीतून काय दिसले?

संघटनेची सदस्य यादी म्हणजे नुसती नावे आणि पत्ते. पण चेन्नईचे न्यूरोसर्जन डॉ. के. गणपती यांनी देशातील न्यूरॉलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन राहतात कुठे, याचा अशा यादीच्या आधारे शोध घेतला. २०१५ मध्ये ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार सुमारे ३० टक्के तज्ज्ञ चार महानगरांतच होते. देशातील ९३ कोटींहून अधिक लोक अशा भागांत राहत होते, जिथे या दोन्हींपैकी एकही तज्ज्ञ नव्हता.

हा आकडा दहा वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हापासून डीएमच्या जागा वाढल्या आहेत आणि अकोला-अमरावतीत न्यूरॉलॉजिस्टही आहेत. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. केंद्राच्या योजनेतून तेथे सुपर स्पेशालिटी रुग्णालयाची इमारतही उभी राहिली. तरी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून अकोला गाठायला तास-दीड तास लागतोच, आणि खेपेचा खर्च व बुडालेली मजुरी वेगळी.

मिरगी, सोयरीक आणि कायदा यांचा संबंध काय?

भारतात मिरगीचे एक कोटीहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधोपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. मात्र, उपचारांची गरज असूनही ते न मिळणाऱ्यांचे प्रमाण भारतातील वेगवेगळ्या अभ्यासांत शहरी भागात २२ टक्क्यांपासून ग्रामीण भागात ९५ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. जुनी औषधे महाग नाहीत. तरी ती मध्येच सोडली जातात, बाहेरचे काही लागले म्हणून उतारे केले जातात. मुलीला मिरगी असेल, तर सोयरीक मोडेल या भीतीने आजार लपवलाच जातो.

ही भीती एकेकाळी कायद्यातच होती. हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींमध्ये वेडाच्या झटक्यांबरोबर मिरगीचाही उल्लेख होता. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनसह या क्षेत्रातील डॉक्टरांनी पाठपुरावा केल्यानंतर १९९९च्या दुरुस्तीने हा शब्द वगळण्यात आला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका पतीची घटस्फोटाची मागणी फेटाळताना स्पष्ट केले, की मिरगी हा असाध्य आजार नाही आणि मानसिक विकारही नाही. त्यामुळे या कायद्यानुसार तो घटस्फोटाचा आधार होऊ शकत नाही. एका शब्दासाठी झालेली ही लढाई तेल्हाऱ्यातल्या कुठल्याही मुलीच्या उपयोगी पडू शकते. मात्र, तिच्या घरच्यांना ती माहीत असायला हवी.

वऱ्हाडात पहिला उपचार कोण करतो?

बहुतेक वेळा न्यूरॉलॉजिस्ट नाहीच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, अनेकांचे बळी गेले. फवारणीतील ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके नसांकडून स्नायूंकडे जाणाऱ्या संदेशांची यंत्रणाच बिघडवतात. म्हणजे हा मज्जासंस्थेवरचाच हल्ला, पण असा रुग्ण आधी पोहोचतो तो जवळच्या आरोग्य केंद्रात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन बॅरे सिंड्रोमची साथ आली, तेव्हाही पायांतली ताकद गेलेले अनेक रुग्ण आधी साध्या डॉक्टरांकडे गेले. पुण्यात पुढचे मोठे रुग्णालय काही किलोमीटरवर होते. तेल्हाऱ्यात तसे नाही. म्हणून पहिल्या डॉक्टरला धोक्याची लक्षणे ओळखता येणे येथे जास्त मोलाचे ठरते.

लकव्यात घड्याळ इतके महत्त्वाचे का?

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर ती गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. काही निवडक रुग्णांत नळीने गुठळी काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंत करता येतो, पण ती सोय मोजक्या मोठ्या केंद्रांतच असते. इंजेक्शनपूर्वी सीटी स्कॅन अनिवार्य असतो, कारण लकवा रक्तस्रावामुळे आलेला असेल, तर हेच इंजेक्शन जीवघेणे ठरेल. घरी ॲस्पिरिन देऊ नये, तेही याच कारणाने.

आता हिशेब करा. ‘जरा पडून राहू द्या, बरे वाटेल’ यात एक तास, गावातच चोळून देणाऱ्याकडे आणखी एक तास, वाहनाची जुळवाजुळव आणि मग अकोल्याचा तास-दीड तास. सीटी स्कॅनच्या दारात पोहोचेपर्यंत साडेचार तास जवळपास संपलेले असतात. तोंड वाकडे होणे, एका हातातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे, यातले एकही लक्षण दिसताच १०८ला फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाचीच मागणी करावी. रुग्ण शेवटचा धडधाकट किती वाजता होता, ती वेळ डॉक्टरांना सांगावी. तिच्यावरच इंजेक्शनचा निर्णय अवलंबून असतो.

फिट आल्यावर काय करावे?

घड्याळ पाहावे. रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर साराव्यात. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, शुद्ध न येता दुसरा आला किंवा रुग्ण गर्भवती असेल, तर तात्काळ रुग्णालयात न्यावे. जमल्यास मोबाइलवर झटक्याचा व्हिडिओ घ्यावा. निदानासाठी डॉक्टरांना त्याची मोठी मदत होते.

तज्ज्ञाचा सल्ला गावापर्यंत कसा येईल?

त्याचे काही मार्ग तयार आहेत. मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राज्यातील राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या साथीने ग्रामीण महाराष्ट्रात मिरगी शिबिरे घेतली. फाउंडेशनचे संस्थापक डॉ. निर्मल सूर्या पुढे इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीचे अध्यक्षही झाले. ई-संजीवनीच्या माध्यमातून आरोग्य केंद्रातून व्हिडिओवर डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. मात्र, त्या वेळी न्यूरॉलॉजिस्टच उपलब्ध असेल याची हमी नसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूविकारांच्या ठरावीक उपचारांचा समावेश आहे, पण ती मुख्यतः भरती रुग्णांसाठी. मिरगीच्या रुग्णाला लागतात त्या रोजच्या गोळ्या, आणि त्याही काही वर्षे. शिबिर एक दिवसाचे असते. पुढच्या महिन्याची गोळी तालुक्यातच मिळाली नाही, तर शिबिराचा उपयोग तिथेच संपतो.

संघटनेच्या मर्यादा कोणत्या?

संघटना एखाद्या तज्ज्ञाला तेल्हाऱ्यात बसायला भाग पाडू शकत नाही. तिच्या सूचना बंधनकारक नसतात. डॉक्टरविरुद्धची तक्रार ऐकण्याचा अधिकार मेडिकल कौन्सिलला आहे, संघटनेला नाही. औषध कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या परिषदा हा जुना आक्षेप आहे. केंद्राने मार्च २०२४ मध्ये आणलेल्या संहितेनुसार वक्ता वगळता इतर डॉक्टरांच्या परिषद प्रवासाचा खर्च कंपन्यांनी करायचा नाही.

पुढे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ ते २०३१ या दशकासाठी मिरगी आणि इतर मेंदूविकारांचा कृती आराखडा स्वीकारला आहे. प्राथमिक आरोग्य सेवेतच या आजारांवर उपचार मिळावेत, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा. प्रत्येक तालुक्याला न्यूरॉलॉजिस्ट मिळणे नजीकच्या काळात शक्य दिसत नाही. पण ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरला मिरगी आणि लकव्याचे प्रशिक्षण, औषधांचा अखंड साठा आणि अडचणीच्या वेळी अकोल्याच्या तज्ज्ञाशी फोनवर बोलण्याची सोय, या तीन गोष्टींसाठी नवी इमारत लागत नाही. तेल्हाऱ्याच्या रुग्णापर्यंत संघटनेचे ज्ञान पोहोचेल, ते याच मार्गाने.