सुईच्या टोकावरचं पेटंट

साहित्याच्या विद्यार्थिनीने पेटंटवर का लिहावं, असं मला मंडळाच्या दोघातिघांनी विचारलं. माझं उत्तर साधं आहे. पेटंटच्या कागदात आकृत्या असतात, लांबलचक वर्णन असतं, पण हक्क मिळतो तो शेवटी लिहिलेल्या मोजक्या वाक्यांवर. या वाक्यांना दावे म्हणतात. एक दावा म्हणजे एकच वाक्य. ते अर्धं पान लांबलं तरी पूर्णविराम शेवटी एकदाच. त्यातला एक शब्द बदलला की वीस वर्षांचा हक्क पसरतो किंवा आकसतो. कवितेतल्या शब्दावर आपण तासभर वाद घालतो, मग इथे का घालू नये?

उदाहरणासाठी मी मुद्दाम अगदी बारीक वस्तू निवडली आहे: विजेच्या तपासणीत वापरायचे प्रोब, आणि ते जुळवण्याच्या पद्धती.

प्रोब आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. इलेक्ट्रिशियनच्या मल्टिमीटरला लाल आणि काळी अशा दोन वायरी असतात, त्यांच्या टोकाला धातूची अणकुचीदार काडी असते. ती काडी म्हणजे प्रोब. आता हेच काम चिपच्या कारखान्यात कसं होतं ते बघा. सिलिकॉनच्या गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर, शेकडो चिप एकदम तयार होतात. मोठ्या वेफरचा व्यास ३०० मिलिमीटर असतो. चकती कापण्याआधीच प्रत्येक चिप तपासतात, कारण बिघडलेली चिप पॅक करण्यात पैसे घालवायला कोण तयार होईल? चिपवर वीज आत-बाहेर नेण्यासाठी धातूचे छोटे चौकोन असतात, त्यांना पॅड म्हणतात. एकेक पॅड काही दशक मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या आसपास. अशा शेकडो, कधी हजारो पॅडवर एकाच वेळी एकेक सुई टेकवायची असते. या सगळ्या सुया ज्या पाटीवर बसवलेल्या असतात तिला प्रोब कार्ड म्हणतात.

खरी अडचण सुई बनवण्यात कमी आणि जुळवण्यात जास्त आहे. जुन्या पद्धतीत टंगस्टनच्या बारीक सुया टोकाशी वाकवून एका कड्याभोवती मांडत, इपॉक्सीने पक्क्या करत आणि मग मायक्रोस्कोपखाली हाताने एकेक टोक सरळ करत. सगळी टोकं एकाच पातळीत यायला हवीत. एक सुई आखूड राहिली तर ती टेकत नाही आणि चांगली चिप नापास होते. एक लांब राहिली तर ती पॅड ओरबाडते. म्हणून या क्षेत्रातली बरीच पेटंटं ‘वस्तू’पेक्षा ‘पद्धती’ची असतात: आधी काय करायचं, मग काय, आणि कोणत्या क्रमाने.

एक खरं पेटंट घेऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर इथे फॉर्मफॅक्टर नावाची कंपनी आहे. इगोर खांद्रोस यांनी ती १९९३ मध्ये सुरू केली. या कंपनीचं ५९७४६६२ क्रमांकाचं अमेरिकन पेटंट १९९९ मध्ये मंजूर झालं. विषय काय, तर प्रोब कार्डाच्या सुयांची टोकं एका पातळीत आणण्याची पद्धत. कल्पना अशी: सुया थेट कार्डावर न बसवता वेगळ्या तबकडीवर बसवायच्या, आणि ती तबकडी व कार्ड यांच्यामध्ये लवचिक संपर्कांचा एक थर ठेवायचा. मग कार्ड जागचं न हलवता फक्त तबकडीचा कल बदलता येतो. चौरंग डगमगला की आपण जमीन खणत नाही, पायाखाली कागदाची घडी सारतो. तसंच हे, फक्त घडीच्या जागी स्क्रू आणि मोजमाप मायक्रॉनमध्ये.

असा अर्ज आला की परीक्षक काय करतो? मला इथे चर्चमधलं एक जुनं पद आठवतं: सैतानाचा वकील. कुणाला संत ठरवायचं असलं की त्या व्यक्तीच्या विरुद्ध शंका काढायचं काम एका अधिकाऱ्याकडे असे. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ मध्ये हे पद निर्माण केलं, आणि १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रक्रिया बदलेपर्यंत ते टिकलं. त्या अधिकाऱ्याचं त्या पुण्यवान माणसाशी वैर नसे. जे तिथे हजर नाहीत त्यांच्या वतीने तो प्रश्न विचारत असे. पेटंटचा परीक्षकही तेच करतो. अर्जदार समोर असतो. पण उद्या तीच सुई जुळवू पाहणारा कारागीर, छोटा कारखानदार, विद्यार्थी हे कुणीच तिथे नसतात. त्यांच्या बाजूने बोलणारा तो एकटाच.

परीक्षक आधी शोध घेतो. जगभरची पेटंटं विषयवार कप्प्यांत लावलेली असतात. विजेच्या मोजमापाचा कप्पा जी ०१ आर. त्यात १/०६७ म्हणजे मोजमापाचे प्रोब, १/०७३ म्हणजे एकत्र बसवलेले अनेक प्रोब, आणि ३/०० म्हणजे अशी उपकरणं बनवण्याच्या पद्धती. ग्रंथालयातल्या क्रमांकांसारखंच हे.

पुढचं समजावं म्हणून मीच एक दावा रचते: “एका पाटीवर अनेक प्रोब जुळवण्याची पद्धत, जिच्यात प्रत्येक प्रोब पाटीच्या छिद्रात घालणे, सर्व प्रोबची टोके सपाट काचेवर टेकवणे, आणि टोके टेकलेली असतानाच प्रोब पाटीला चिकटवणे यांचा समावेश आहे.” एक वाक्य, तीन पायऱ्या.

पहिला प्रश्न: हे नवीन आहे का? इथे नियम कडक आहे, पण अर्जदाराच्या फायद्याचा. नावीन्य नाकारायचं तर तिन्ही पायऱ्या एकाच जुन्या कागदात सापडायला हव्यात. एका कागदात छिद्र आणि चिकटवणं आहे, काच नाही, तर दावा नवा ठरतो.

दुसरा प्रश्न: नवीन असेल, पण त्यात कल्पकता किती? आता परीक्षक दोन कागद शेजारी ठेवू शकतो. दुसऱ्या कागदात दुसऱ्या कुठल्या जोडणीची टोकं काचेवर टेकवून समपातळीत आणलेली असतील, तर परीक्षक म्हणेल की या धंद्यातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं. मात्र नुसतं म्हणून चालत नाही, का सुचलं असतं ते लिहावं लागतं. कारण कोड्याचं उत्तर कळल्यावर प्रत्येक कोडं सोपं वाटतं. उलट बाजूने, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या गाडीच्या पेडलच्या खटल्यात बजावलं की हा कल्पित जाणकार म्हणजे यंत्रमानव नव्हे. त्यालाही थोडी कल्पकता असते.

आपल्याकडचं उदाहरण तर घरातलंच वाटेल. मिर्झापूरच्या एका भांड्यांच्या कारखान्याने, लेथवर भांडं पक्कं धरून ठेवण्याच्या साधनाचं पेटंट १९५० च्या दशकात घेतलं होतं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या नावाने वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७८ मध्ये ते पेटंट रद्द ठरलं. तत्त्व असं: वर्कशॉपमध्ये कुशल कामगार रोज करतो तशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ (च), इंग्रजीतलं ३ (एफ), हेही सांगतं की ओळखीची साधनं नुसती वेगळ्या क्रमाने मांडली किंवा दुप्पट केली आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर तो शोध होत नाही. शंभर सुयांच्या जागी दोनशे बसवल्या, एवढ्यावर भागत नाही.

तिसरा प्रश्न पद्धत आणि वस्तू यांच्यातला. बेबिंका पूर्वी करवंट्यांच्या निखाऱ्यावर एकेक थर भाजून करत, आता ओव्हनमध्येही करतात. ओव्हनची रीत उद्या कुणी नव्याने शोधली, तर रीतीवर हक्क सांगता येईल. पण बेबिंका जुनीच राहील. प्रोबचंही असंच. वस्तूचं वर्णन ‘अमुक पद्धतीने बनवलेली’ असं केलं तरी परीक्षक वस्तूच तपासतो. ती आधीपासून असेल तर दावा पडतो. उलट, पद्धतीचं पेटंट मिळालं तर आपल्या कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे त्या पद्धतीतून थेट तयार झालेल्या मालाच्या विक्रीवर आणि आयातीवरही हक्क पोचतो. म्हणून पायऱ्या कशा लिहिल्या आहेत याला एवढं महत्त्व.

आणि इथेच शब्दांचा खेळ सुरू होतो. माझ्या दाव्यात ‘समावेश आहे’ असं आहे. म्हणजे कुणी या तीन पायऱ्या करून चौथी जोडली तरी तो सापडतो. त्याजागी ‘केवळ या तीनच पायऱ्या’ असं लिहिलं, तर चौथी पायरी करणारा सुटतो. ‘काच’ लिहिलं तर स्टीलची पाटी वापरणारा सुटू शकतो, ‘सपाट पृष्ठभाग’ लिहिलं तर सापडतो, पण मग जुन्या कागदांत अडकायची भीती वाढते. शब्द जितके कमी तितका हक्क मोठा आणि तितकाच ठिसूळ. परीक्षक आणि अर्जदार यांचा पत्रव्यवहार म्हणजे बहुतेक वेळा हीच घासाघीस असते.

परीक्षण झालं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. फॉर्मफॅक्टरने आपल्या प्रोब कार्डांच्या पेटंटांवरून २००७ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे एका कोरियन आणि एका जपानी कंपनीविरुद्ध तक्रार नेली. २००९ मध्ये आयोगाने उल्लंघन झालेलं नाही असा निर्णय दिला. मंजूर झालेली वाक्यंही पुन्हा वाचली जातात, शब्दाशब्दाने.

आता आपल्यापुरता मुद्दा. भारतात अर्जाचे कागद इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावे लागतात. पेटंट एजंट व्हायला विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, त्यामुळे माझ्यासारखीला तो रस्ता बंद. पण एक दार उघडं आहे. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि मंजुरीआधी कुणीही, अगदी कुणीही, कलम २५ (१) खाली लेखी हरकत घेऊ शकतो. ‘ही रीत आमच्या वर्कशॉपमध्ये कित्येक वर्षं चालू आहे’ हे पुराव्यासकट सांगणारा माणूस मराठी बोलणारा फिटरही असू शकतो. त्याला फक्त दावा वाचून दाखवणारं, त्यातला ‘समावेश’ आणि ‘केवळ’ यांतला फरक त्याच्या भाषेत सांगणारं कुणीतरी हवं. ते काम भाषेच्या विद्यार्थ्यांचं आहे असं मला वाटतं. दावा हाती आला की तीन गोष्टी विचारा: पायऱ्या किती, त्या सगळ्या आधी कुठे एकत्र आल्या होत्या का, आणि कुठला शब्द काढला तर वाक्य कोसळतं? एवढं जमलं तरी सैतानाच्या वकिलाला थोडी मदत होईल.