चर्म अंत्यसंस्करण : वायुप्रदूषण नियंत्रण

कमावलेल्या व वाळविलेल्या चामड्याच्या पृष्ठावर रंग, चकाकी, मऊपणा व पाणीरोधकता आणण्यासाठी लेप देण्याच्या क्रियांना चर्म अंत्यसंस्करण म्हणतात. या क्रियांत बाहेर पडणाऱ्या घातक बाष्पांवर मर्यादा घालणारे आणि त्यांचा हिशेब शासनास सादर करावयास लावणारे नियम अनेक औद्योगिक देशांत आहेत. त्यांपैकी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नियम विशेष तपशीलवार असून त्यांचेच वर्णन येथे मुख्यत्वे केले आहे. [⟶ चर्मोद्योग].

प्रदूषणाचे स्वरूप : कातडी कमावण्याच्या क्रियेत प्रदूषण प्रामुख्याने सांडपाण्यातून होते. अंत्यसंस्करणात ते प्रामुख्याने हवेतून होते. लेपामध्ये रंगद्रव्य, बंधक (ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन, केसीन, नायट्रोसेल्युलोज इ.) आणि विद्रावक असे तीन मुख्य घटक असतात. फवारणी यंत्राने किंवा रुळाने लेप दिल्यावर चामडे तापवून सुकवितात. रंगद्रव्य व बंधक चामड्यावर राहतात, तर विद्रावक उडून हवेत मिसळतो. टोल्यूइन, झायलिन, मिथेनॉल, मिथिल आयसोब्युटिल कीटोन, ग्लायकॉल ईथर व डायमिथिल फॉर्मामाइड हे येथे वापरात असलेले काही विद्रावक होत. टोल्यूइन व झायलिन यांच्या बाष्पांनी डोकेदुखी व घेरी येते आणि दीर्घ संपर्काने तंत्रिका तंत्रावर परिणाम होतो. काही ग्लायकॉल ईथरांचा रक्तावर व प्रजननक्षमतेवर आणि डायमिथिल फॉर्मामाइडाचा यकृतावर अनिष्ट परिणाम होतो.

न्यूयॉर्क राज्यातील फुल्टन परगणा हे चामड्याच्या हातमोज्यांचे जुने केंद्र होय. तेथील एका कारखान्यात फवारणीच्या रांगेवर काम करणाऱ्या तीन कामगारांना वृषणाचा कर्करोग झाल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले व डायमिथिल फॉर्मामाइडावर संशय व्यक्त झाला. तीन रुग्णांवरून कारणसंबंध सिद्ध होत नाही. तथापि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या मूल्यमापनात या विद्रावकाचा समावेश ‘मानवात बहुधा कर्कजनक’ या गटात केला.

कायद्याचा आधार : १९९० मध्ये अमेरिकेच्या स्वच्छ हवा अधिनियमात दुरुस्ती होऊन १८९ घातक वायुप्रदूषकांची यादी विधिमंडळानेच निश्चित केली. यादीत नंतर थोडे फेरफार झाले आहेत. ज्या कारखान्यातून यादीतील एखादे द्रव्य वर्षाला १० टन किंवा सर्व द्रव्ये मिळून २५ टन (अमेरिकी टन = सु. ९०७ किग्रॅ.) वा अधिक बाहेर पडू शकतात, तो ‘मोठा उद्गम’ ठरतो. अशा उद्गमांसाठी उद्योगवार मानके ठरविण्याचे काम पर्यावरण संरक्षण संस्थेकडे सोपविण्यात आले. चर्म अंत्यसंस्करणाचे मानक २७ फेब्रुवारी २००२ रोजी प्रसिद्ध झाले व जुन्या कारखान्यांना त्याच्या पालनासाठी सुमारे तीन वर्षांची मुदत मिळाली. केवळ कातडी कमावण्यासाठी वापरली जाणारी यंत्रसामग्री या मानकाच्या कक्षेबाहेर आहे.

मर्यादा : मर्यादा धुराड्यातील वायूच्या प्रमाणावर नसून संस्कारित चामड्याच्या क्षेत्रफळावर आधारलेली आहे. दर १,००० चौ. फुटांमागे (सु. ९३ चौ. मी.) किती पौंड (१ पौंड = सु. ०·४५ किग्रॅ.) घातक द्रव्य हवेत जाऊ द्यावे, हे चामड्याच्या चार प्रकारांसाठी निरनिराळे ठरविले आहे. आसनांच्या आच्छादनासाठी लागणाऱ्या चामड्यावर दर चौ. फुटास ४ ग्रॅम वा अधिक लेप असल्यास जुन्या कारखान्यास २·६ व नव्यास ०·५ पौंड. लेप त्याहून कमी असल्यास अनुक्रमे ६·८ व २·५ पौंड. पाणीरोधक व विशेष चामड्यास ५·६ व ४·९ पौंड. पाणीरोधक नसलेल्या चामड्यास ३·७ व २·१ पौंड अशा या मर्यादा आहेत.

हिशेबाची पद्धत : लेपात जितके घातक द्रव्य आहे तितके सर्व हवेत गेले, असे गृहीत धरतात. प्रत्यक्ष हानीस अनुज्ञेय हानीने भागले असता येणारे गुणोत्तर १·०० पेक्षा अधिक असता कामा नये. उदा., एखाद्या जुन्या कारखान्याने बारा महिन्यांत जाड लेपाचे आच्छादन-चामडे १ कोटी चौ. फुट व पाणीरोधक नसलेले चामडे ३० लाख चौ. फुट तयार केले, तर अनुज्ञेय हानी २६,००० + ११,१०० = ३७,१०० पौंड येते. प्रत्यक्ष हानी ३३,३९० पौंड असल्यास गुणोत्तर ०·९० येऊन नियमाचे पालन झाले असे ठरते. ही गणना दरमहा मागील बारा महिन्यांसाठी करावयाची असल्याने हंगामी चढउतार समतोल होतात. एका प्रकारातील जादा हानी दुसऱ्या प्रकारातील बचतीने भरून काढता येते. जलाधारित लेप वापरणे हा मर्यादेत राहण्याचा सरळ मार्ग होय. दुसरा मार्ग बाष्पे गोळा करून ज्वलनयंत्रात जाळण्याचा असून त्यासाठी यंत्राच्या कार्यक्षमतेची चाचणी घ्यावी लागते.

नोंदी व अहवाल : प्रत्येक लेपाचे नाव, वापरलेले वजन व त्यातील घातक द्रव्याचा वस्तुमानांश यांची एक नोंदवही आणि संस्कारित चामड्याचा प्रकार व क्षेत्रफळ यांची दुसरी नोंदवही ठेवावी लागते. वस्तुमानांशासाठी लेप-उत्पादकाची माहिती चालते अथवा विहित पद्धतीने परीक्षण करता येते. नियमपालनाची लेखी योजना कारखान्यात तयार असावी लागते. दरवर्षी जबाबदार अधिकाऱ्याच्या प्रमाणनासह अहवाल पाठवितात. गुणोत्तर १·०० पेक्षा वाढल्यास पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत स्वतंत्र सूचना द्यावी लागते. नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात.

पुनर्विलोकन : यंत्रे सुरू वा बंद करताना अथवा ती बिघडली असता मिळणारी सूट न्यायालयाने २००८ मध्ये तत्त्वतः अमान्य केली. त्यास अनुसरून १२ फेब्रुवारी २०१९ रोजी या मानकातूनही ती वगळण्यात आली. उरलेला धोका स्वीकार्य असल्याचा निष्कर्ष काढून मूळ मर्यादा मात्र कायम ठेवण्यात आल्या.

भारतात वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ हा या विषयावरील मुख्य कायदा होय. त्यातील संमतिपत्राच्या पद्धतीत राज्य मंडळे कारखानावार अटी घालतात.

मूल्यमापन : या मानकात हवेचे मापन क्वचितच होते, सारा भार वजनकाट्यावर व नोंदवहीवर असतो. त्यामुळे ते स्वस्त व तपासण्यास सुलभ झाले आहे, परंतु लेपाचे एखादे पिंप नोंदविले गेले नाही, तर त्याची बाष्पे कोणत्याही गणनेत येत नाहीत. १० व २५ टनांच्या आतील लहान कारखाने या मानकाबाहेर राहतात. शिवाय बारा महिन्यांच्या सरासरीवरून फवारणी यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या श्वासातील बाष्पांचे प्रमाण कळत नाही. त्याच्या संरक्षणासाठी कारखान्यातील हवेचे वेगळे नियम, पुरेसे वायुवीजन व कमी विषारी लेप यांचीच आवश्यकता असते.