सूर कुठे अडला?

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत आमची कन्या तिच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात गिटार वाजवायला उभी राहिली. मी आणि सौ. आठव्या रांगेत बसलो होतो. मातुःश्रीही नातीचे कौतुक पाहायला शाल पांघरून आल्या होत्या. पहिली दोन मिनिटे झकास गेली. मग तिने पुढे पाऊल टाकले आणि पायापाशी मांडलेल्या चार रंगीत डब्यांपैकी नारिंगी डबी दाबली. सूर भरदार व्हायचा तो उलट बारीक झाला, फाटक्या पतंगासारखा फरफरला आणि गप्प झाला. तिने डबी पुन्हा दाबली. काही नाही. गिटारीच्या खुंट्या पिळल्या, वायर हलवली. काही नाही. ड्रमवाला मुलगा बिचारा एकटाच ताल धरून राहिला आणि मागच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. ती खाली मान घालून विंगेत गेली. त्या रात्री गिटार पलंगाखाली गेली, ती आषाढ संपेपर्यंत बाहेर आली नाही.

मी मराठीचा अध्यापक. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. परंतु घरातली सोळा वर्षांची मुलगी पाच महिने साधे गुणगुणतसुद्धा नाही, ही शांतता ज्यांनी अनुभवली असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. शेवटी श्रावणातल्या एका रविवारी मी स्वतःच पलंगाखाली शिरलो आणि तो सगळा संसार बाहेर काढला.

ज्यांच्या घरात हे वाद्य अजून आलेले नाही (यायचे आहे, खात्री बाळगा) त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विजेच्या गिटारीच्या तारांखाली लोहचुंबक असतात व त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते. ती फार दुबळी, व्होल्टाचे काही दशांश एवढीच. ही दुबळी वीज वायरीतून अॅम्प्लिफायरकडे निघते आणि वाटेत या डब्या तिला गाठतात. कोणी तिला खरखरीत करते, कोणी तिचा प्रतिध्वनी काढते, कोणी तिला पाण्यावरच्या लाटेसारखी हेलकावते. पायाने चालू-बंद करायच्या म्हणून त्यांना पेडल म्हणतात. मराठीच्या अभिमानाने मी 'पायपेटी' हा शब्द सुचवून पाहिला. तो ऐकून मातुःश्री चष्मा लावून पाहायला आल्या आणि त्यांनी विचारले, "पायपेटी म्हणतोस, मग भाता कुठाय हिचा?" संगीत नाटकांतली ती थोरली पेटी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. कन्येने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यानंतर मी शब्द निमूटपणे मागे घेतला. पेडल तर पेडल.

गंमत अशी की, या खरखरीत सुराचा जन्मच एका बिघाडातून झालेला आहे. १९६० साली अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावी मार्टी रॉबिन्स या गायकाच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. ग्रेडी मार्टिन या वादकाची बास गिटार ज्या यंत्रातून जात होती, त्यातला एक ट्रान्स्फॉर्मर बिघडला आणि गिटार एकदम घोगऱ्या, फाटक्या आवाजात बोलू लागली. शहाण्या माणसाने तो तुकडा टाकून दिला असता. त्यांनी तो ठेवला, आणि १९६१ साली ते गाणे लोकांना आवडलेही! तिथला ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने मग तोच बिघाड ट्रान्झिस्टर जोडून मुद्दाम घडवण्याची युक्ती काढली, आणि १९६२ साली 'मॅएस्ट्रो फझ-टोन' नावाने ती डबी बाजारात आली. सुरुवातीला तिच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्‌सने 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात ती वापरली, आणि मग गिऱ्हाइकांची रीघ लागली. लंडनच्या डेव्ह डेव्हिसला तेवढाही धीर नव्हता. त्याने १९६४ साली अॅम्प्लिफायरच्या कर्ण्याचा कागदच ब्लेडने चिरला आणि हवा तसा आवाज मिळवला. (हा प्रसंग मी कन्येला सांगितलेला नाही. कृपया तुम्हीही आपापल्या घरी सांगू नका.) पुढे १९७७ साली जपानच्या बॉस कंपनीने मुठीत मावणाऱ्या, पायाने अख्खी झडप दाबायच्या डब्या काढल्या. जगभरच्या पोरांच्या पायांशी आज जे दिसते, त्याचा साचा बराचसा तिथलाच.

असो. त्या रविवारी मी डब्या पिशवीत भरल्या आणि कन्येला जवळजवळ ओढत आमच्या पेठेतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे घेऊन गेलो. काका सत्तरीचे. आयुष्य व्हॉल्व्हच्या रेडिओत गेलेले. गिटारीचे पेडल त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. त्यांनी चष्म्यावरून एकदा डब्यांकडे पाहिले, एकदा पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सूर इथनं निघतो आणि तिथं पोचतो. मधे कुठं अडतो, एवढंच बघायचंय. रडायचं काय त्यात?"

मग त्यांनी जे केले ते कोणत्याही घरात करता येईल. सगळ्या डब्या बाजूला सारल्या आणि गिटार एकाच वायरीने सरळ अॅम्प्लिफायरला जोडली. वाजली. म्हणजे गिटार, वायर आणि अॅम्प्लिफायर तिघेही निर्दोष सुटले. मग मधे एकच डबी घातली. वाजली. दुसरी घातली. वाजली. तिसरी नारिंगी. गप्प! "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," काका म्हणाले, "दोन बदलल्या की चोर कोण ते कळत नाही." डब्या आठ-दहा असतील तर बरोबर मधोमध जोडून पाहावे म्हणजे चोर अलीकडे की पलीकडे ते एका खेपेत कळते, हेही त्यांनीच सांगितले. जुन्या पोथ्यांतले पाठभेद लावताना आम्ही याहून काही वेगळे करत नाही. फक्त आम्हांला त्याबद्दल पदवी मिळते.

काकांनी नारिंगी डबीचे बूड उघडून आतल्या बॅटरीला मीटर लावले. अंगावर ९ व्होल्ट छापलेले, आणि काटा चाराच्या पुढे जाईना. तेव्हा उलगडा झाला. अशा डबीत गिटारीची वायर खोचली की बॅटरी आपोआप सुरू होते, मग डबी पायाने दाबलेली असो वा नसो. रंगीत तालीम सोमवारी झाली होती आणि संमेलन शनिवारी. पाच दिवस वायर तशीच खोचलेली आणि बॅटरी रात्रंदिवस जळत होती. पुन्हा असे की, या जातीच्या डब्या बंद असल्या तरी सूर आतल्या एका छोट्या मंडलातूनच पुढे जातो. बॅटरी मेली की वाटच बंद. काही डब्यांत बटण बंद केले की सूर तारेवरून थेट पलीकडे जातो. त्या मेल्या तरी निदान रस्ता अडवत नाहीत.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?" कन्या म्हणाली.

"चुकलं की. वायर काढायची राहिली," काका म्हणाले. "वाजवायचं नव्हतं चुकलं."

त्या संध्याकाळी घरात पाच महिन्यांनी गिटार वाजली. तिथेच मी थांबलो असतो तर बरे होते. पण बॅटरीची कटकट कायमची मिटवावी या पितृप्रेमाने मी घरातला इंटरनेटच्या डबीचा जुना अॅडॅप्टर काढला. पिन चपखल बसली. क्षणभर काही झाले नाही, मग करपल्याचा वास आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काकांची पायरी! त्यांनी मला त्या पिनेचे चित्र काढून दाखवले. आपल्या घरातल्या बहुतेक उपकरणांत पिनेच्या आतला भाग धन असतो आणि बाहेरचा ऋण. गिटारीच्या पेडलांत बहुधा नेमके उलट, आत ऋण. शिवाय तो अॅडॅप्टर १२ व्होल्टांचा, डबी ९ व्होल्टांची. सुदैवाने बनवणाऱ्याने माझ्यासारखे बाप गृहीत धरून आत एक डायोड उलटा बसवला होता. उलटी वीज आली की ती स्वतःवर घेऊन तो करपतो आणि बाकीचे वाचते. दोन-चार रुपयांचा डायोड बदलला आणि डबी जिवंत झाली. तेव्हापासून अॅडॅप्टरवरचे तीन आकडे मी औषधाच्या लेबलासारखे वाचतो. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, धन-ऋणाची खूण जुळलीच पाहिजे, आणि मिलिअँपिअर मात्र लागतात त्याहून जास्त असले तरी चालतात. डबी लागेल तेवढेच घेते. साध्या खरखरीच्या डबीला दहा-वीस पुरतात. प्रतिध्वनीच्या संगणकी डबीला शंभराच्या वर लागू शकतात. एकाच अॅडॅप्टरवर सगळ्यांची माळ केली की कधी कधी एकीची कुजबुज दुसरीत ऐकू येते. म्हणून प्रत्येकीला वेगळी वाट देणारे वीजयंत्र मिळते. महाग आहे. आम्ही अजून घेतलेले नाही.

डब्यांचा क्रम हाही एक वादाचा विषय आहे, आणि त्यावर पोरे आमच्या शुद्धलेखनवाद्यांच्या आवेशाने भांडतात. सर्वसाधारण रीत अशी: गिटारीच्या जवळ 'वावा' (१९६६ साली थॉमस ऑर्गन कंपनीच्या ब्रॅड प्लंकेटने शोधलेले, पाऊल पुढेमागे झुलवून सुराला बोलायला लावणारे पेडल), मग खरखर, मग लाटा, मग प्रतिध्वनी, आणि शेवटी दिवाणखान्यातला किंवा देवळातला घुमार. कारण साधे आहे. आधी सूर खरखरीत केला आणि मग त्याचे पडसाद काढले, तर प्रत्येक पडसाद वेगळा ऐकू येतो. आधी पडसाद काढून मग सगळ्यांनाच खरखरीत केले, तर गिचका होतो. फोडणी आधी आणि पाणी मागून, तसेच हे. पण कोणाला गिचकाच हवा असेल तर त्याला अडवणारे आपण कोण? जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरची जुनी फझ डबी मात्र फार मानी. तिला बहुधा थेट गिटारीशेजारीच बसायचे असते, आणि उन्हाळा वाढला की तिचा आवाजही बदलतो. अशा डबीचे पुण्याच्या मे महिन्यात काय होत असेल, याची कल्पनाच करावी.

बटणे कशी लावावीत? सगळ्यांचे काटे आधी बाराच्या ठोक्यावर ठेवावेत आणि मग एकेक फिरवावे. डबी चालू आणि बंद, दोन्ही वेळा आवाजाची पातळी साधारण सारखी राहील असे पाहावे. आणखी एक गोष्ट कन्येला ठेच लागून कळली. शेजाऱ्यांना भिऊन घरात हळू आवाजात लावलेला सूर सभागृहात तसा राहत नाही. हळू आवाजात कानाला खर्ज कमी वाटतो म्हणून आपण तो वाढवतो, आणि रंगमंचावर तोच अंगावर येऊन मधला, खरा बोलणारा सूर गिळून टाकतो. बटण फिरवताना खरखर झाली तर आत धूळ आहे असे समजावे. विजेच्या सामानाच्या दुकानात त्यासाठी फवारा मिळतो. तो मारून बटण वीस वेळा फिरवावे. शिलाई मशीनचे तेल घालू नये. (मी घालणार होतो, सौ.ने बाटली काढून घेतली.)

आता सर्वांत महत्त्वाचे. या सगळ्या खटाटोपात एक 'घूंऽ' असा आवाज येतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. त्याचेच हे गुणगुणणे. ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटरही त्यात आपली चिरचिर मिसळतात. गिटार हातात घेऊन जरा वळले की कधी कधी ते कमी होते. पण अॅम्प्लिफायर एका भिंतीच्या प्लगवर, दुसरे यंत्र दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर आणि दोघांत सुराची वायर असली, म्हणजे अर्थिंगचे एक वर्तुळ तयार होते आणि घूं वाढते. त्यावर एक घातक उपाय सर्रास सांगितला जातो. प्लगची तिसरी, जाडी पिन काढून टाका. घूं जाते, खोटे नाही. परंतु ती पिन माणसाच्या जिवासाठी आहे. गिटारीच्या तारा अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग गेले आणि कुठे वीज उतरली, तर ती वाजवणाऱ्याच्या बोटांत येते. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ सालच्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्झी येथे भर कार्यक्रमात असाच गेला. अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला हात लागला, एवढेच निमित्त. तिशीही गाठली नव्हती. काकांनी हे नाव कधी ऐकले नव्हते, पण त्यांनी कन्येकडून तिसऱ्या पिनेची शपथ घेतली.

यंदाच्या फेब्रुवारीत पुन्हा तेच सभागृह. दुपारी जोडणी करताना मी हमाल म्हणून हजर होतो. सगळे जोडून झाले आणि घूंऽ सुरू झाली. मांडवाच्या वायरी पाहणारा एक मुलगा पक्कड घेऊन धावत आला. "ताई, ती जाडी पिन उडवतो. दोन मिनिटांत गप."

"नको दादा," ती म्हणाली, "पिन राहू दे."

"पण मग आवाज येणार."

"आला तर येऊ दे."

तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. विंगेच्या दोन्ही बाजूंना गेलेल्या वायरी मागवून घेतल्या, आणि अॅम्प्लिफायर, की-बोर्ड, मिक्सर, सगळ्यांचे प्लग एकाच बोर्डावर आणले. त्या बोर्डाचे अर्थिंग त्या पोराकडूनच दिवा लावून तपासून घेतले. घूं ओसरली, नाकातल्या गुणगुणण्याएवढी उरली. मग तिने नारिंगी डबीतली वायर उपसून ठेवली, नवी बॅटरी घातली, आणि कार्यक्रमाला दहा मिनिटे उरेपर्यंत वायर परत खोचली नाही.

रात्री आम्ही पुन्हा आठव्या रांगेत. दोन मिनिटे झाली आणि तिने पाऊल पुढे टाकले. मी डोळे मिटून घेतले. मग असा काही खरखरीत, भरदार सूर आला की शेजारच्या मातुःश्रींनी दोन्ही हात कानांवर दाबून धरले. थोड्या वेळाने माझ्याकडे वाकून त्या मोठ्याने म्हणाल्या, "बिघडलीय का रे पुन्हा?"

"नाही गं आई, हे असंच वाजतं."

"म्हणजे आता वाजतीय ना?"

"वाजतीय."

"मग असू दे," असे म्हणून त्यांनी एका कानावरचा हात काढला.