किराणा दुकान आणि दहा मिनिटांचा बाजार

महाराष्ट्रातील शहरी कुटुंबाच्या खरेदीची घडी कित्येक दशके दोन ठिकाणांवर बसलेली होती : रोजच्या गरजेसाठी कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान आणि सणासुदीच्या किंवा लग्नकार्याच्या खरेदीसाठी पुण्याचा लक्ष्मी रस्ता, मुंबईचे दादर किंवा नागपूरची सीताबर्डी यांसारखी बाजारपेठ. ऑनलाइन खरेदीने ही घडी विस्कटली. मात्र ती सर्वत्र एकाच वेळी किंवा सारख्या प्रमाणात विस्कटली नाही. आधी पुस्तके, मग मोबाइल आणि विजेची उपकरणे, त्यानंतर कपडे व पादत्राणे आणि सर्वांत शेवटी किराणा, अशा क्रमाने एकेक व्यवसाय तिच्या कक्षेत आला. जो माल कुठेही घेतला तरी सारखाच असतो, जो नासत नाही आणि ज्याची किंमत वजनाच्या मानाने जास्त असते, तो दूरवरून पाठवणे परवडते. तांदूळ, साखर, दूध किंवा कोथिंबीर यांच्या बाबतीत हे गणित जमत नसल्यामुळे किराणा दुकान बराच काळ सुरक्षित राहिले.

2007 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या फ्लिपकार्टने प्रारंभी पुस्तकेच विकली आणि 2013 मध्ये ॲमेझॉनने भारतात विक्री सुरू केली तेव्हाही पुस्तके अग्रभागी होती. 1948 पासून वाचकांची सेवा करणारे, मुंबईच्या फोर्ट भागातील स्ट्रँड बुक स्टॉल 2018 मध्ये बंद झाले. ज्या सवलतीवर त्याचा लौकिक उभा होता, ती सवलत तोवर मोबाइलच्या पडद्यावर कोणालाही मिळू लागली होती. मोबाइल आणि विजेच्या उपकरणांच्या दुकानांपुढे आणखी वेगळी अडचण उभी राहिली. ग्राहक दुकानात येऊन वस्तू हाताळतो, विक्रेत्याकडून तिची सगळी माहिती घेतो आणि खरेदी मात्र घरी जाऊन ऑनलाइन करतो, तेव्हा जागेचे भाडे, वीजबिल आणि नोकरांचा पगार दुकानदार भरतो आणि विक्री दुसऱ्याच्या पदरात पडते.

या व्यापाराचे नियम समजून घेण्यासाठी दोन पद्धतींमधला फरक लक्षात घ्यावा लागतो. कंपनी स्वतःच्या मालकीचा माल साठवून विकते, ती साठा-पद्धती. आणि कंपनी केवळ मंच पुरवते व त्यावर इतर विक्रेते आपला माल विकतात, ती बाजारमंच-पद्धती. परकीय भांडवल असलेल्या कंपन्यांना भारतात दुसरीच पद्धती खुली आहे आणि मंचाने मालाच्या विक्री-किमतीवर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष प्रभाव टाकू नये, अशी अट 2016 मध्ये घालण्यात आली. वॉलमार्टने 2018 मध्ये सुमारे 16 अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टची बहुतांश मालकी मिळवल्यानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये हे नियम आणखी कडक झाले. तरीही मंच काही मोजक्या विक्रेत्यांना झुकते माप देतात आणि भरमसाट सवलतींचा भार स्वतःच उचलतात, अशी व्यापाऱ्यांची तक्रार कायम राहिली. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी 2020 मध्ये फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉन या दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. परंतु पुढची लढाई न्यायालयांत लांबत गेली आणि त्या अवधीत बाजार पुष्कळच पुढे सरकला.

किराणा मालाची सुरक्षितता संपली ती ‘क्विक कॉमर्स’ने, म्हणजे मागणी नोंदवल्यापासून काही मिनिटांत माल घरपोच देणाऱ्या व्यवस्थेने. मुंबईत 2021 मध्ये सुरू झालेली झेप्टो, त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ग्रोफर्स’ हे नाव टाकून पुढे आलेली ब्लिंकिट आणि स्विगीची इन्स्टामार्ट ही तिची परिचित नावे आहेत. तिचा कणा म्हणजे ‘डार्क स्टोअर’ : वस्तीच्या अगदी जवळ असलेले, ग्राहकांना प्रवेश नसलेले छोटे गोदाम, ज्यात हजारो वस्तू ठरलेल्या कप्प्यांत मांडलेल्या असतात आणि कामगार पडद्यावरच्या सूचनेनुसार त्या भराभर पिशवीत भरतात. जवळ असणे हे किराणा दुकानाचे मोठे बळ होते. या गोदामांनी नेमका त्यालाच हात घातला.

या बदलाचा घाव कुठे बसतो, हे दुकानाच्या गल्ल्याचा हिशेब पाहिल्यावर स्पष्ट होते. साखर, तेल, गहू यांवर दुकानदाराला फारच थोडे सुटते. त्या वस्तू गिऱ्हाईक टिकवण्यासाठी ठेवाव्या लागतात आणि खरी कमाई बिस्किटे, चॉकलेट, शीतपेये आणि सौंदर्यप्रसाधने अशा वरकड मालातून होते. मोबाइलवरून अवेळी आणि ऐनवेळी मागवल्या जाणाऱ्या वस्तू बहुधा याच असतात. त्यामुळे महिन्याच्या सामानाची यादी दुकानाकडे येत राहिली, तरी तिला जोडून होणारी फायद्याची विक्री निसटते आणि उलाढालीत फारशी घट न दिसताही दुकान आतून पोखरले जाते.

दुसरा घाव पुरवठ्याच्या बाजूने बसतो. कंपनीकडून वितरकाकडे, वितरकाकडून दुकानदाराकडे आणि तेथून ग्राहकाकडे अशी मालाची जुनी साखळी असून प्रत्येक टप्प्यावरचा नफा ठरलेला असतो. समजा, छापील किंमत 100 रुपये असलेली वस्तू दुकानदाराला 90 रुपयांना पडत असेल आणि तीच वस्तू मोबाइलवर ग्राहकाला 85 रुपयांना मिळत असेल, तर दुकानदाराने सगळा नफा सोडला तरी तो स्पर्धेत उतरू शकत नाही. मोठ्या खरेदीदारांना कंपन्या अधिक सवलतीत माल देतात, या मुद्द्यावर वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने असहकार पुकारला आणि जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातील वितरकांनी कोलगेटच्या काही उत्पादनांचा पुरवठा थांबवला. याच महासंघाने 2024 मध्ये वर्षभरात देशातील सुमारे दोन लाख किराणा दुकाने बंद पडल्याचा दावा केला. हा आकडा एका बाजूचा मानला, तरी त्यामागची व्यथा खोटी म्हणता येत नाही.

किराणा दुकान तरीही टिकून आहे, याला सबळ कारणे आहेत. हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाला दहा रुपयांचे तेल किंवा पाव किलो डाळ सुटी मिळते ती तिथेच. पगार होईपर्यंत वहीवर उधारी मांडली जाते तीही तिथेच, आणि या उधारीला व्याज नसते. ज्यांच्याकडे तारण नाही, अशा लोकांना ओळखीवर मिळणारे हे पतपुरवठ्याचे साधन आहे. शिवाय दुकानदाराने तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवली, हा समजही चुकीचा आहे. 2016 मध्ये सुरू झालेली यूपीआय ही बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याची सोय त्याने झपाट्याने आत्मसात केली, आणि करोनाच्या टाळेबंदीत अनेकांनी व्हॉट्सॲपवर याद्या घेऊन घरपोच सामान पोहोचवले.

ऑनलाइन व्यापाराचे लाभही मान्य केले पाहिजेत. लहान गावातल्या वाचकाला हवे ते पुस्तक मिळते, वृद्धांची आणि आजाऱ्यांची पायपीट वाचते, येवल्याच्या पैठणी विक्रेत्याला किंवा कोल्हापूरच्या चप्पल व्यावसायिकाला परराज्यातले गिऱ्हाईक मिळते. मात्र मंचाचे कमिशन, वाहतूक खर्च आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड सोसून हातात किती उरते, यावरच तो लाभ खरा की दिखाऊ हे ठरते.

म्हणूनच या प्रश्नाकडे यंत्र विरुद्ध माणूस या चष्म्यातून पाहणे योग्य नाही. किराणा दुकान तंत्रज्ञानापुढे हरत नसून असमान अटींपुढे हरत आहे : एका बाजूला दरमहा चार पैसे सुटले तरच चूल पेटणारा व्यापारी आणि दुसऱ्या बाजूला गुंतवणूकदारांच्या पैशांवर वर्षानुवर्षे तोटा सोसू शकणारी कंपनी. प्रतिस्पर्ध्याला घालवण्यासाठी खर्चापेक्षा कमी किमतीत माल विकणे 2002 च्या स्पर्धा कायद्याने निषिद्ध आहे. परंतु त्यासाठी त्या कंपनीचे बाजारात वर्चस्व असल्याचे सिद्ध व्हावे लागते. तीन-चार कंपन्या एकाच वेळी तोट्यात विक्री करतात, तेव्हा त्यांपैकी कोणा एकीचे वर्चस्व दाखवणे अवघड होते आणि दुकानदार कायद्याच्या संरक्षणाबाहेर राहतो. ही त्रुटी दूर करणे, उत्पादक कंपन्यांनी एकाच मालासाठी लहान-मोठ्या खरेदीदारांत ठेवलेली तफावत मर्यादेत आणणे आणि कोणत्याही ॲपवरच्या ग्राहकाला कोणत्याही दुकानाशी जोडणाऱ्या, 2021 च्या अखेरीस स्थापन झालेल्या ओएनडीसीसारख्या खुल्या जाळ्यात लहान दुकानदाराला प्रशिक्षणासह सामील करून घेणे, ही तीन कामे तातडीची आहेत. ती न झाल्यास आजची सवलत स्पर्धा संपल्यावर टिकेलच याची हमी कोणीही देणार नाही, आणि उधारीवर महिना ढकलणाऱ्या कुटुंबासाठी तर पर्यायच उरणार नाही. स्वस्ताईचे खरे मोल ठरवताना समाजाने हा हिशेबही मांडला पाहिजे.