आठवीतला पहिला महिना

जून महिना. शाळा सुरू होऊन आठवडा झालेला. आठवीच्या वर्गात गणिताचे सर उजळणी म्हणून अपूर्णांकांची साधी बेरीज घालतात. शेजारच्या गावाहून आलेली एक मुलगी वहीकडे बघत नुसती बसून राहते. गावच्या सातवीपर्यंतच्या शाळेत हीच मुलगी फळ्यावर उदाहरणे सोडवून इतरांना समजावत असे. तास संपतो. शिक्षकखोलीत सर म्हणतात, "खालूनच कच्ची येतात मुलं."

हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकले आहे, उच्चारलेही आहे. काही मुले खरोखरच कच्ची येतात, यात शंका नाही. पण पहिल्या महिन्यातच असा निष्कर्ष काढणे म्हणजे उन्हातून चालत आलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावून त्याला ताप आहे असे ठरवण्यासारखे आहे.

शाळा बदलली की मुलासाठी काय काय बदलते, याची यादी करून पाहा. आधी एक गुरुजी सगळे विषय शिकवत. आता दर तासाला नवे सर, नव्या बाई, प्रत्येकाची वेगळी शिस्त. कोणाला गृहपाठ वेगळ्या वहीत हवा, कोणाला समास आखलेला हवा. वेळापत्रक, तुकडी, प्रयोगशाळा, स्वच्छतागृह, पाणी, सगळे नवे. काही शाळांत गणित-विज्ञान सेमी-इंग्रजीतून सुरू झालेले. काल 'अपूर्णांक' होता तो आज 'फ्रॅक्शन' झालेला. शिवाय परतीची एस.टी. चुकू नये ही काळजी आहेच.

या सगळ्याचा अपूर्णांकांशी संबंध काय? तो आहे, आणि तो आपल्या मेंदूच्या रचनेत आहे. एखादे काम करताना लागणारी माहिती आपण जिथे तात्पुरती धरून ठेवतो, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. बेरीज करताना हातचा लक्षात ठेवतो तो इथेच. ही जागा फार लहान असते. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली तिची मर्यादा सात, फार तर दोन कमी किंवा जास्त, अशी मांडली. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवले, की मनात घोकण्याची किंवा गट पाडण्याची संधी दिली नाही, तर हा आकडा चारच्या आसपास येतो.

वर्गात करून पाहा. मुलांना पेन खाली ठेवायला सांगा. सेकंदाला एक या गतीने पाच अंक वाचा, मग मुलांना ते लिहू द्या. पुढे सहा, सात, आठ अंक घ्या. कितव्या अंकापर्यंत जमते ते प्रत्येकाने नोंदवावे. आता हाच खेळ पुन्हा खेळा. पण अंक वाचण्याआधी तीन अनोळखी नावे सांगा आणि ती अंकांबरोबरच शेवटी लिहायला सांगा. बहुतेकांचा आकडा खाली येईल. मुलांची हुशारी दोन मिनिटांत कमी झाली नाही. जागा दुसऱ्याच गोष्टींनी अडवली.

याच खेळात आणखी एक गंमत दिसते. १, ९, ४, ७ असे चार अंक आले, की पुष्कळ मुले ते '१९४७' असे एकच धरतात. सरावाने अनेक गोष्टींचा एक गठ्ठा बनतो आणि गठ्ठा जागा कमी घेतो. गावच्या शाळेतला सगळा दिवस त्या मुलीसाठी असाच बांधलेला गठ्ठा होता. नव्या शाळेत तो सुटला आणि प्रत्येक गोष्ट वेगळी सांभाळावी लागली.

यात वयाचीही भर पडते. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात रॉबर्टा सिमन्स आणि डेल ब्लिथ यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासात (१९८७) असे दिसले, की सातवीत मोठ्या शाळेत गेलेल्या मुलींचा आत्मविश्वास, आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्या मुलींच्या तुलनेत घसरला. शरीर बदलत असतानाच शाळाही बदलली, की ओझे दुप्पट होते.

मग शिक्षकांनी काय करावे?

पहिले म्हणजे, सर्व विषयशिक्षकांनी जूनमध्ये एकत्र बसून वही, समास, गृहपाठ यांची एकच पद्धत ठरवावी. नियम कमी असावेत आणि रोज तेच असावेत. जे सवयीचे होते ते डोक्यातली जागा मोकळी करते.

दुसरे, सूचना फळ्यावर लिहून ठेवाव्यात. तोंडी दिलेल्या पाच सूचना म्हणजे धरून ठेवायच्या पाच गोष्टी.

तिसरे, पहिल्या महिन्यात नवा आशय आणि नवी भाषा एकदम देऊ नये. इंग्रजी संज्ञा आणायची तर ती आधी येत असलेल्या गणितावर आणावी.

चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त. अमेरिकेतील मॅडिसन शहरात ११ शाळांतील सहावीच्या १,३०४ मुलांवर एक प्रयोग झाला. जेफ्री बोरमन आणि सहकाऱ्यांनी तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. काही मुलांना आधीच्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला सगळ्यांनाच भीती वाटते, ती हळूहळू जाते, शिक्षक मदत करतात. मग त्यांनी स्वतः त्यावर थोडे लिहिले. इतर मुलांच्या तुलनेत त्यांची गैरहजेरी १२ टक्क्यांनी आणि नापासाचे शेरे १८ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या नववीच्या मुलांकडून अशी पत्रे लिहून घ्यायला एक ऑफ तास पुरेल.

कारण नव्या मुलाला सर्वांत जास्त खचवणारी समजूत 'मला एकट्यालाच जमत नाही' ही असते. न विचारलेली शंका मागच्या बाकावर नेते. मागच्या बाकावरून मुलगी आधी तासाला, मग शाळेला गैरहजर राहू लागते. मोफत पास तिला शाळेच्या दारापर्यंत आणतो, वर्गात रुजवत नाही. आणि रोज दुसऱ्या गावाहून ये-जा करणाऱ्या मुलीच्या घरी 'नाही जमत तर राहू दे' हे वाक्य तयारच असते.

म्हणून अपूर्णांकांची तीच बेरीज ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा घालून पाहा. कोण खरेच कच्चे आहे ते तेव्हा कळेल. आणि तोवर शिक्षकखोलीतले ते वाक्य थोडे लांबणीवर टाकू या.