प्रवक्ता आणि अपक्ष : ईशान्य मुंबईतील १९६७ च्या निवडणुकीच्या संदर्भात

'अपक्ष' हा शब्द नञ् बहुव्रीही समासाचा होय. ज्याला पक्ष नाही तो अपक्ष. म्हणजे व्यक्तीजवळ जे नाही त्यावरून तिला मिळालेले हे नाव आहे. 'प्रवक्ता' हा शब्द, आजच्या रूढ अर्थाने, याच्या अगदी उलट टोकाचा आहे. प्रवक्ता कोणाच्या तरी वतीने बोलतो आणि त्याच्या शब्दाला जे वजन असते ते पाठीशी असलेल्या संस्थेचे असते. एकच व्यक्ती पहिल्या स्थितीतून दुसरीत गेली असता तिच्या शब्दाचे काय होते, हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत एकदा प्रत्यक्ष उभा राहिला होता.

व्ही. के. कृष्ण मेनन हे १९५० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रसंघात भारत सरकारची बाजू मांडणारे प्रमुख वक्ते होते. जानेवारी १९५७ मध्ये काश्मीरप्रश्नी सुरक्षा समितीपुढे त्यांनी केलेले सुमारे आठ तासांचे भाषण प्रसिद्धच आहे. त्याच वर्षी उत्तर मुंबईतून ते काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. १९६२ साली अपक्ष म्हणून उभे राहिलेल्या आचार्य कृपलानींचा त्यांनी मोठ्या मताधिक्याने पराभव केला. मात्र त्याच वर्षीच्या चीन युद्धानंतर त्यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले. पुढे १९६७ च्या निवडणुकीत पक्षाने उमेदवारी नाकारली, तेव्हा काँग्रेस सोडून ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले.

या ठिकाणी मराठी सर्वनामांचा विचार उपयुक्त ठरतो. 'आम्ही' या रूपात श्रोता वगळला जातो, तर 'आपण' यात तो समाविष्ट होतो. सरकारचा प्रवक्ता परक्यांशी 'आम्ही' म्हणून बोलतो; अपक्ष उमेदवाराला मतदाराशी 'आपण' म्हणता आले पाहिजे. १९६२ साली मेनन व कृपलानी दोघेही अमराठी असल्यामुळे या 'आपण'ची कसोटी लागली नव्हती. १९६७ साली काँग्रेसचे उमेदवार स. गो. बर्वे हे मराठी होते, आणि १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेने 'परप्रांतीय' हा मुद्दा पुढे आणला होता. पक्षाचे नाव गेल्यावर मेनन यांच्यापाशी कीर्ती उरली, पण भाषिक आपलेपणा नव्हता. ते पराभूत झाले. बर्वे यांचे लवकरच निधन झाले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेनन यांना हरविले.

यावरून अपक्षाचा पराभव अटळ असतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मेनन हे १९६९ साली मिदनापूरहून आणि १९७१ साली त्रिवेंद्रमहून अपक्ष म्हणूनच लोकसभेत गेले. परंतु तेथे डाव्या पक्षांचा त्यांना पाठिंबा होता. म्हणजे 'अपक्ष' या एकाच शब्दाखाली निदान दोन अर्थ नांदतात : एक पक्षाविना उभा असलेला, आणि दुसरा पक्षाचे नाव न घेता पक्षबळावर उभा असलेला. मतपत्रिकेवर हा भेद दिसत नाही.

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने या शब्दाला बंधन घातले. अपक्ष म्हणून निवडून आलेला सभासद नंतर पक्षात गेला तर त्याचे सभासदत्व जाते. तसेच 'स्वेच्छेने पक्ष सोडणे' हे केवळ राजीनाम्यानेच घडते असे नव्हे, ते वर्तनावरूनही ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील रवी नाईक प्रकरणी १९९४ साली स्पष्ट केले. कायदा अशा रीतीने उच्चारलेल्या शब्दापलीकडची कृती पाहतो. मतदारानेही तेच पाहावयास हवे. काल पक्षाच्या वतीने बोललेले शब्द आज अपक्ष झालेल्या वक्त्याला स्वतःचे म्हणून मान्य आहेत काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मतदाराचा आहे; आणि त्याचे उत्तर 'अपक्ष' या नकारार्थी शब्दात सापडत नाही.