रेट लिस्टची फाईल पाठवू नका, लिंक द्या: बाहेरच्या माणसांना चालू दर आणि स्टॉक कसा दाखवायचा

दुकानातले दर आणि स्टॉक बाहेर फिरणाऱ्या माणसांपर्यंत कसे पोहोचवायचे, या व्हिडिओसोबतचा हा लेख. व्हिडिओत कुठलं बटण दाबायचं ते दिसतं, पण का दाबायचं हे बोलायला वेळ पुरत नाही. ते इथे सविस्तर लिहिते.

आधी माझा तोटा सांगते. बार्शीत आमचं इलेक्ट्रिकल मालाचं होलसेल दुकान आहे. अकराशेच्या आसपास आयटम. वैराग, पांगरी, कुर्डुवाडी, परंडा या लाईनवर आमचा एक मुलगा आठवडाभर फिरतो आणि छोट्या दुकानदारांकडून ऑर्डर घेतो. बीबीए झालं, लग्न झालं आणि मी दुकानात बसायला लागले, तेव्हा मामा (माझे सासरे) फोनवर तोंडी दर सांगायचे. मला वाटलं, हे काही बरोबर नाही. मी सुधारणा केली. बिलिंग सॉफ्टवेअरमधून एक्सेल फाईल काढायची आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. झालं काम!

काम असं झालं की तीन महिन्यांत त्या ग्रुपवर 'रेट लिस्ट', 'रेट लिस्ट नवीन', 'रेट लिस्ट फायनल' आणि 'रेट लिस्ट फायनल २' अशा फाईली साठल्या. तांब्याचा भाव वाढला की वायरचा दर वाढतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. सोमवारी सकाळी मी नवीन फाईल टाकली. मुलगा तेव्हा गाडीवर होता. परंड्यात पोचल्यावर त्याने फोनमध्ये आधी उतरवलेली फाईल उघडली आणि दीड एमएमच्या ९० मीटरच्या ४० बंडलांची ऑर्डर घेतली. बंडलामागे १३५ रुपयांचा फरक. एकूण ५,४०० रुपये. दुकानदार म्हणाले, "वहिनी, तुमच्याच माणसाने तुमच्याच लिस्टवर दर दिलाय." काय बोलणार? त्याच दराने माल दिला.

त्या दिवशी मामा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी सगळ्यांसमोर फोन उचलून पुन्हा तोंडी दर सांगायला लागले. ते मला जास्त लागलं.

चूक कुठे होती?

मुलाची चूक नव्हती. चूक माझ्या पद्धतीत होती. तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये आतून टेबलंच असतात: एक आयटमचं, एक दराचं, एक स्टॉकचं, एक पार्टीचं. खरेदी चढवली की स्टॉक वाढतो, बिल झालं की कमी होतो. ही टेबलं दिवसभर हलत असतात. तुम्ही एक्सेल काढता तो फक्त त्या क्षणाचा फोटो. पाठवल्यानंतर तो फोटो ज्याच्या त्याच्या फोनमध्ये शिळा होत बसतो, आणि तो शिळा झालाय हे त्याच्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

मग मुलाला सॉफ्टवेअरच उघडून द्यायचं का? मला बऱ्याच जणांनी तोच सल्ला दिला. काउंटरवरचा कॉम्प्युटर लांबून चालवायचं ॲप फोनमध्ये टाका म्हणाले. आठ दिवस केलं. तो परंड्यात बसून स्टॉक बघतोय आणि इकडे काउंटरवर माझं बिल अडकलंय! शिवाय खरेदीचे दर, कुणाची किती उधारी, सगळं त्याच्यासमोर. ज्याला फक्त दर आणि स्टॉक हवाय, त्याला अख्ख्या तिजोरीची किल्ली द्यायची गरज नाही.

त्याला हवंय काचेचं कपाट. आतला माल दिसतो, हात लावता येत नाही, आणि आतला माल बदलला की बाहेरून लगेच बदललेला दिसतो. गुगल शीट्समध्ये हे फुकटात होतं. फक्त कपाट नीट बांधायला लागतं.

दोन फाईली, एक नाही

मी पहिल्यांदा एकच शीट केली, खरेदी दराचा कॉलम 'हाइड' केला आणि लिंक वाटली. मोठा मूर्खपणा. एका दुकानदाराच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने त्या शीटची स्वतःसाठी कॉपी काढली. कॉपीचा मालक तो, त्यामुळे लपवलेला कॉलम एका क्लिकमध्ये उघडला. पुढच्या आठवड्यात त्याचे वडील माझ्याशी घासाघीस करताना आमची खरेदी पैशासकट सांगत होते. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये बघणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करता येतं, ते करायचंच. पण जे दाखवायचं नाही ते त्या फाईलमध्ये असूच नये.

म्हणून दोन फाईली. पहिली घरातली. ती फक्त माझ्या आणि मामांच्या खात्यावर, लिंक कुणालाही नाही. तिच्यात दोन टॅब. एकाचं नाव 'कच्चा': सॉफ्टवेअरमधून निघालेला डेटा जसाच्या तसा इथे चिकटवायचा. टॅलीवाल्यांनी स्टॉकचा रिपोर्ट उघडून ऑल्ट आणि ई दाबलं की एक्सपोर्ट येतो, बाकी सॉफ्टवेअरमध्येही असं बटण असतंच. दुसरा टॅब 'बाहेर': इथे फक्त दाखवायचे कॉलम, आणि दर-स्टॉक आयटम कोडवरून व्हीलुकअपने 'कच्चा'मधून उचललेला.

दुसरी फाईल म्हणजे काचेचं कपाट. तिच्यात इम्पोर्टरेंज नावाचा एकच फॉर्म्युला, जो पहिल्या फाईलमधला 'बाहेर' टॅब ओढून आणतो. पहिल्यांदा तो 'अलाऊ ॲक्सेस' विचारतो, ते तुम्ही स्वतः एकदा दाबायचं. हा फॉर्म्युला फक्त आकडे आणि मजकूर आणतो, रंग-रेघा आणत नाही. त्या या फाईलमध्ये वेगळ्या मारा. बदल दिसायला कधीकधी थोडा वेळ लागतो, हेही लक्षात ठेवा. आणि एक सांगते, या दुसऱ्या फाईलमध्ये कुणालाही 'एडिटर' करू नका. एकदा परवानगी दिली की इथला एडिटर त्याच फॉर्म्युल्याने घरातल्या फाईलचा कुठलाही भाग ओढू शकतो. सगळ्यांना 'व्ह्यूअर', बस्स.

जिथे लोक हमखास अडकतात

व्हीलुकअपच्या शेवटी शून्य किंवा फॉल्स लिहायला विसरू नका. ते नसलं तर फॉर्म्युला जवळपासचा कोड धरतो आणि कुठलीही चूक न दाखवता भलत्याच आयटमचा दर देतो. चूक दाखवणारी शीट परवडते, आत्मविश्वासाने खोटं सांगणारी नाही.

नवीन डेटा चिकटवायच्या आधी 'कच्चा' टॅब पूर्ण पुसा. काल ११०० ओळी होत्या आणि आज १०८० आल्या, तर खालच्या २० जुन्या ओळी तशाच राहतात आणि बंद झालेला माल 'आहे' म्हणून दिसत राहतो.

तुमचे आयटम कोड शून्याने सुरू होत असतील तर एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं आणि मग जुळणी होत नाही. आम्ही सगळ्या कोडांच्या पुढे अक्षर लावलं. दोन संध्याकाळी गेल्या, पण कटकट कायमची मिटली.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. शीटच्या अगदी वर, मोठ्या अक्षरात, 'शेवटचा बदल' म्हणून तारीख आणि वेळ टाका. मी हुशारी करून तिथे नाऊ हा फॉर्म्युला टाकला होता. तो नेहमी आत्ताची वेळ दाखवतो, मग तुम्ही चार दिवस शीटला हात लावला नसला तरी! लोकांना वाटतं दर ताजे आहेत. म्हणून वेळ हातानेच टाकायची. 'बाहेर' टॅबमधल्या त्या चौकोनात कंट्रोल आणि अर्धविराम दाबलं की तारीख येते, कंट्रोल, शिफ्ट आणि अर्धविराम दाबलं की वेळ येते. डेटा चिकटवला, वेळ टाकली, मगच उठायचं. आमच्याकडे हे सकाळी दहाला आणि दुपारी चारला होतं. मधेच कंपनीचा दर बदलला तर तिसऱ्यांदा.

समोरच्या माणसाच्या फोनवर कसं दिसतं?

आपण शीट बनवतो मोठ्या स्क्रीनवर आणि ती बघतो काउंटरमागे उभा असलेला माणूस, एका हातात फोन, दुसऱ्या हातात पाना. वैरागचे एक काका मला म्हणाले, "ताई, ते आडवं सरकवायचं काय मला जमत नाही." तेव्हा नऊ कॉलम होते. आता चार आहेत: नाव, दर, स्टॉक, पॅकिंग.

नाव त्यांच्या भाषेत लिहा. सॉफ्टवेअरमध्ये कंपनीचं लांबलचक इंग्रजी वर्णन आहे, शीटवर 'दीड एमएम वायर, लाल, ९० मीटर' एवढंच. दर जीएसटीसह द्यायचा की सोडून, ते एकदा ठरवा आणि कॉलमच्या डोक्यावर लिहा. आमच्या वायरवर १८ टक्के जीएसटी आहे, तिथे गैरसमज झाला की भांडणच. स्टॉकचा आकडा मी देतच नाही. 'आहे', 'थोडा', 'नाही' हे तीनच शब्द, तेही फॉर्म्युल्याने. आकडा दिला की 'शीटवर ७ दिसत होते, तुम्ही ५ च कसे दिले' हे ऐकावं लागतं. शिवाय आपल्या गोडाऊनमध्ये किती माल पडलाय, हे गावभर कशाला सांगायचं?

वरची ओळ 'फ्रीज' करा, आणि वायर, स्विच, पंखे, पंपाचं सामान असे वेगवेगळे टॅब करा. अकराशे ओळी बोटाने सरकवत बसायला कुणाला वेळ नाही.

लिंक कुणाला, कशी?

आपल्या माणसाला त्याच्या जीमेलवर शेअर करा. दुकानदारांचं मात्र तसं जमत नाही. निम्म्या लोकांना स्वतःचा जीमेल आयडी माहीत नसतो, तो मुलाने किंवा मोबाईलच्या दुकानदाराने काढून दिलेला असतो. त्यांच्यासाठी 'लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल' हा पर्याय. पण मग ती लिंक फिरणार, स्पर्धकाच्या हातात पडणार, हे धरूनच चाला. आम्ही तिथे फक्त सर्वसाधारण दर ठेवतो. कुणाला किती सूट, ते अजूनही मामा फोनवरच सांगतात, आणि तेच बरं आहे.

लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका. मेसेज म्हणून टाकली की शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते, आणि पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो. जुन्या एक्सेल फाईली ग्रुपमधून काढता येतील तेवढ्या काढा. ज्यांनी फोनमध्ये उतरवल्यात त्यांना एकेकाला फोन करा. मी २३ फोन केले.

रेंज नसलेल्या गावांसाठी मुलाच्या फोनमध्ये शीट्सचं ॲप टाकून फाईल 'ऑफलाइन' करून ठेवली आहे. म्हणजे निघताना जे दिसलं तेच त्याला रस्त्यात दिसतं. ते जुनं असू शकतं, पण वर वेळ लिहिलेली असल्यामुळे त्याला कळतं, आणि वायरची मोठी ऑर्डर असली तर तो एक फोन करतो.

परत येणारी माहिती वेगळ्या दारातून

शीट चालायला लागली की लगेच मागणी येते: 'यातच ऑर्डर लिहायची सोय करा ना.' करू नका. दहा जण एकाच टेबलात लिहायला लागले की कुणाचं तरी बोट घसरतं आणि दराच्या जागी फोन नंबर येतो. ऑर्डरसाठी वेगळा गुगल फॉर्म करा: दुकानाचं नाव यादीतून निवडायचं, आयटम लिहायचा, नग फक्त आकड्यात. फॉर्म भरला की तो आपोआप एका तिसऱ्या शीटमध्ये वेळेसकट उतरतो. त्या वेळेचा मला मोठा उपयोग झाला. आता शीटच्या वर लिहिलंय, 'ऑर्डर नोंदवली त्या वेळचा दर लागू'. परंड्यासारखा वाद पुन्हा एकदा आला होता, तेव्हा दोन्ही वेळा समोर ठेवल्या आणि पाच मिनिटांत मिटला. त्या वेळी चूक आमची निघाली, तर आम्ही फरक सोसला.

ही पद्धत कुठवर पुरते? एका गुगल शीटमध्ये एक कोटी चौकोन मावतात, तिथवर आपण काही जात नाही. दमतो तो डेटा चिकटवणारा माणूस. दिवसात पाच-सहा वेळा चिकटवावं लागत असेल, किंवा दोन-तीन गोडाऊन असतील, तर बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला मोबाईल ॲपबद्दल विचारा. त्याला दोनच प्रश्न करा: बघणाऱ्याला खरेदी दर लपवता येतो का, आणि शेवटचा बदल कधीचा ते स्क्रीनवर दिसतं का? उत्तर गोलमोल आलं तर शीटच चालू ठेवा.

आणि एक राहिलं. लाईनवरचा मुलगा काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा जीमेल शेअरिंगमधून काढा आणि फॉर्मची लिंक बदला. आमचा आधीचा मुलगा गेल्यावर दोन महिने त्याचं नाव तसंच होतं. त्याने काही केलं नाही, चांगला होता. मला ते दिसलं तेसुद्धा दिवाळीच्या साफसफाईत.